शरणपूरची साक्ष

नाशिकक्षेत्री आलेल्या यात्रेकरूने रामकुंडावर उभे राहून आपले गाव, आडनाव आणि वडिलांचे नाव सांगितले की तेथील तीर्थोपाध्याय घरात जाऊन तांबड्या खारव्याच्या बासनात बांधलेली एक लांबट, अरुंद वही घेऊन येतात, पायरीवर मांडी घालून पाने उलटू लागतात, आणि उलटता उलटता एका ओळीवर असे अचूक बोट ठेवतात की समोरचा मनुष्य क्षणभर निःशब्द होतो. कारण त्या बोटाखाली त्याच्या पणजोबांनी स्वहस्ते लिहिलेला मजकूर असतो: अमुक शकात अमुक तिथीस आलो, समागमे मातोश्री व कनिष्ठ बंधू, अमुकाच्या अस्थी विसर्जन केल्या. कुळाच्या अस्तित्वाचा याहून खात्रीलायक दाखला सरकारी दप्तरातही क्वचितच मिळावा. ज्याला हा दाखला नाही, ज्याच्या पणजोबांचे सोडाच, पण बापाचेही नाव कोणत्या वहीत सापडावयाचे नाही, अशा माणसाची साक्ष ह्या गावात कोण आणि का मानणार, असा प्रश्न मला त्या पायरीवर बसल्या बसल्या अनेकदा पडला आहे. आणि त्याचे उत्तर ह्याच नाशकात, जुन्या गावठाणाच्या पश्चिमेस मैलभर अंतरावर, आज दुकाने, दवाखाने आणि शिकवण्यांच्या पाट्या यांनी दाटून गेलेल्या शरणपूर रस्त्याच्या इतिहासात दडलेले आहे.

शरणपूर ही एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास चर्च मिशनरी सोसायटीने वसविलेली ख्रिस्ती वस्ती. सोसायटीचे काम नाशकात 1832 पासून चालू होते. परंतु बाप्तिस्मा घेताच घर, भाऊबंद आणि पोटाचा धंदा या तिन्हींस एकदमच मुकणाऱ्या माणसाने राहावे कोठे आणि खावे काय, हा रोकडा प्रश्न उपदेशाने सुटण्याजोगा नव्हता, म्हणून रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस यांनी 1854-55 च्या सुमारास शेतजमीन, शाळा आणि सुतारकाम, लोहारकाम, शिवणकाम यांचे कारखाने यांसह हे गाव उभे केले. नाव ठेवताना डोळ्यांपुढे जुन्या करारातील शरणपुरे होती. हातून मनुष्यवध घडला अशी वदंता ज्याच्याविषयी उठली आणि ज्याच्या मागे सूड घेणारा लागला, त्याने धावत ह्या नगरात यावे, आणि पंचांपुढे उभा राहून त्याचा निवाडा होईपर्यंत त्याच्या केसास कोणी धक्का लावू नये, अशी ती व्यवस्था. ती जेथे सांगितली आहे त्या ‘गणना’ नामक ग्रंथाच्या त्याच अध्यायात, एकट्या साक्षीदाराच्या जबानीवरून कोणालाही देहान्त शासन करू नये, असाही निर्बंध आहे. शरण आणि साक्ष ह्या दोन गोष्टी शास्त्रकाराने शेजारी शेजारी मांडल्या, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. आवई पायाने जलद असते आणि चौकशी सावकाश चालते, तेव्हा मधला वेळ काढण्यास भिंत आणि वेस लागतेच.

आवयांचा तर तो काळच होता. विहिरीत पाव टाकून गावेच्या गावे बाटविल्याच्या गोष्टी महाराष्ट्रात घरोघर सांगितल्या जात. उलटपक्षी, मिशनची जी इतिवृत्ते विलायतेस रवाना होत तीही तेथील वर्गणीदारांचा उत्साह टिकावा अशा बेताने लिहिलेली असत, आणि त्यांतील प्रत्येक वाक्य सत्यप्रतिज्ञेवर केलेली जबानी समजून वाचणारा मनुष्य फसल्यावाचून राहावयाचा नाही. दोन्ही पक्षांस आपापल्या बाजूची कंडी गोड लागते. नाशिकजवळच्या जलालपूरच्या लेकीने, लक्ष्मीबाई टिळकांनी, पतीच्या 1895 मधील बाप्तिस्म्याने घरावर कोसळलेल्या अनर्थाची हकीकत ‘स्मृतिचित्रां’त लिहिताना ना सोवळ्यांची भीड धरली ना पाद्र्यांची, ना स्वतःची; पण लक्ष्मीबाई एखादीच. माझा विषय त्यांच्याहूनही आधीचा, आणि ज्यांची नावेसुद्धा उसनी होती अशा माणसांचा आहे.

आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून अरबी गलबतांत कोंबून नेली जाणारी मुले इंग्रजी आरमाराच्या हाती लागत, आणि त्यांपैकी पुष्कळांना मुंबईस उतरविले जाई. त्यांच्यासाठी रेव्हरंड आयसेनबर्ग यांनी मुंबईत जो आश्रम चालविला होता तो 1860 मध्ये शरणपुरास हलविण्यात आला, आणि गोदावरीकाठच्या ह्या तीर्थक्षेत्रात याओ आणि इतर दूरदूरच्या जमातींची मुले शाळेच्या घंटेबरोबर उठू लागली, रंधा आणि ऐरण चालवू लागली, इंग्रजी अक्षरे गिरवू लागली. बाप्तिस्म्याच्या वेळी त्यांना नावे मिळत ती बहुधा मिशनऱ्यांची वा विलायतेतील उपकारकर्त्यांची: कोणी प्राइस, कोणी आयसेनबर्ग, कोणी फॅरार, कोणी रटन, कोणी वेनराइट. कुळाची वही तर गुलामांच्या व्यापाऱ्याने पहिल्याच दिवशी फाडून टाकलेली. उरली ती चर्चच्या नोंदवहीतील एक ओळ.

ह्यांपैकी नऊ तरुण 1866 च्या जानेवारीत शोधप्रवासी डॉ. डेव्हिड लिव्हिंगस्टन यांच्यासमवेत मुंबईहून झांझिबारकडे निघाले. बरोबर मुंबईच्या पलटणीचे काही शिपाई होते आणि पुढे कोमोरो द्वीपसमूहातील जोहाना बेटाचे दहा गडीही येऊन मिळाले. ह्या नवांचे चरित्र रंगवून सांगण्याचा मोह मिशनच्या लेखकांस झाला आहे. मला तो टाळला पाहिजे. लिव्हिंगस्टनने स्वतः त्यांच्या आळसाविषयी कुरकुर केली आहे, पुढे त्यांतील काहींनी त्याच्याबरोबर पुढे जाण्याचे नाकारले, एकजण वर्ष सरण्यापूर्वीच मरण पावला, एक तीर लागून ठार झाला. ते संत नव्हते. परंतु पहिली मोठी खोटी बातमी त्यांनी आणली नाही, ती जोहानाच्या गड्यांनी आणली.

1866 च्या डिसेंबरात मूसा नावाचा जोहानाकरांचा नायक आपल्या सोबत्यांसह झांझिबारच्या बंदरात उतरला आणि त्याने ब्रिटिश वकिलातीत हकीकत निवेदन केली की माझितू लोकांनी वाटेत हल्ला केला, डॉक्टरसाहेबांच्या मानेवर कुऱ्हाडीचा घाव बसून ते जागच्या जागी कोसळले, आपण झाडांआड लपून वाचलो आणि शत्रू निघून गेल्यावर परत येऊन त्यांना उथळसा खड्डा खणून पुरले. उलटतपासणी झाली. मूसा डगमगला नाही, आणि त्याच्या सोबत्यांची जबानी त्याच्या जबानीशी तंतोतंत जुळली. शास्त्राने दोन साक्षीदार मागितले होते; येथे त्यांच्या कितीतरी पट हजर होते. वस्तुतः भीतीने मध्येच पळून आलेल्या ह्या मंडळींना आपला पळ झाकावयाचा होता आणि थकलेला पगारही वसूल करावयाचा होता, एवढेच त्या सुसंगतीचे रहस्य. तंतोतंत जुळणाऱ्या जबान्या वाचताना मुरलेला फौजदार अधिक सावध होतो असे म्हणतात. झांझिबारात तसा कोणी नव्हता, आणि बातमी तारांतून, वृत्तपत्रांतून जगभर पसरली.

तिच्यावर विश्वास न ठेवणारे थोडेच निघाले. एक, रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीचे अध्यक्ष सर रॉडरिक मर्चिसन. आणि दुसरा एडवर्ड यंग नावाचा आरमारी अंमलदार, जो झांबेझीच्या आधीच्या सफरीत मूसाबरोबर राहिला होता आणि त्याच्या जिभेचे मोल जाणून होता. यंगने नुसता संशय व्यक्त केला नाही. 1867 मध्ये तुकड्या तुकड्यांनी जोडता येणारी एक पोलादी होडी घेऊन तो झांबेझी आणि शिरे नद्यांतून न्यासा सरोवरापर्यंत गेला, काठच्या गावोगाव विचारपूस करीत फिरला, आणि मरेंगा नावाच्या मुखियाकडून त्याने ऐकले की गोरा पाहुणा येथून सुखरूप पुढे गेला. त्याला सोडून आलेले गडी मात्र माघारी फिरून ह्याच वाटेने गेले. ज्या ठिकाणी खून झाला म्हणून शपथेवर सांगितले गेले त्याच्या पलीकडे माणूस चालत गेल्याची खातरजमा झाली. एका असत्याचे निरसन करावयास सरोवरापर्यंत होडी न्यावी लागली. ते उत्पन्न करावयास बंदरातील एक दुपार पुरली होती.

आपल्याकडचे वाचक येथे भाऊसाहेबांचे स्मरण केल्यावाचून राहणार नाहीत. पानिपतावर 1761 च्या जानेवारीत सदाशिवरावभाऊ पडले, देह सापडला, अंगावरील खुणांवरून ओळख पटून त्याला अग्नी दिला गेला, अशी काशीराजाची हकीकत आहे. परंतु तो देह पुण्याच्या माणसांनी पाहिलेला नव्हता, त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी वैधव्य स्वीकारले नाही, आणि ह्या न भरलेल्या जागेत पंधरा वर्षांनी एक तोतया येऊन असा काही बसला की कोकणातले किल्ले त्याच्या हाती गेले, भलेभले सरदार संभ्रमात पडले, आणि 1776 च्या अखेरीस त्याला देहान्त शासन झाल्यावरच प्रकरण मिटले. लोकांच्या मनात तर तेव्हाही मिटले नाही. दूर देशी मेलेल्या माणसाची बातमी खरी ठरवावयाची तर काय आणावे लागते, हे मराठ्यांच्या राज्याला फार महाग पडून कळलेले आहे.

आता 1873 चा मे महिना. लिव्हिंगस्टन बांगवेउलू सरोवराच्या दक्षिणेस इलाला प्रांतात, चितांबो नावाच्या मुखियाच्या गावात, पावसाळी दलदल तुडवून आल्यावर झोपडीत पडला होता. पहाटे मेणबत्तीच्या उजेडात नोकरांनी पाहिले तो बिछान्याशी गुडघे टेकून, उशीवर डोके ठेवून निष्प्राण झालेला. आरंभापासून असलेले सुसी आणि चुमा तेथे होते. शिवाय आदल्या वर्षी शरणपुराहून मदतीस पाठविलेल्या सहा तरुणांची तुकडी होती. तीत जेकब वेनराइट, जॉन वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन, कारस फॅरार आणि रटन आडनावाचे दोघे. जेकबने मालकाला पाहून उणेपुरे नऊ महिने झाले होते.

सुसी आणि चुमा यांनी सर्वांस बोलावून सर्वांसमक्ष पेट्या उघडल्या, म्हणजे पुढे कोणी कोणावर आळ घेऊ नये. आणि लिहिता येणारा म्हणून जेकबला लिहावयास बसविले. मालकाच्याच टिपणवहीच्या अखेरच्या पानावर त्याने यादी केली. आपल्या भाषेत बोलावयाचे तर हा पंचनामा. एका पेटीत सुमारे दीड शिलिंग रोकड. दुसरीत मालकाची टोपी, घड्याळ, मोजमापाच्या उपकरणांच्या डब्या, एक होकायंत्र. मग आणखी एका प्रकारची मोजण्याची तीन यंत्रे. मग त्याहून निराळ्या प्रकारची चार. ह्या यंत्रांची नावे शरणपूरच्या शाळेत कोणी शिकविली नव्हती, म्हणून त्याने ती लिहिली नाहीत. ऐकीव नाव ठोकून दिले असते तर कोण हरकत घेणार होते? पण जे दिसले, जेवढे मोजता आले आणि ज्याचे नाव माहीत नाही ते निराळ्या प्रकारचे, एवढेच त्या ओळींत आहे. मिशनच्या इतिवृत्तांच्या गठ्ठ्यापुढे मला ही फर्द अधिक ख्रिस्ती वाटते, हे लिहिताना काही मित्र रागावतील याची मला जाणीव आहे. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको ही आज्ञा लहानपणी पाठ करून घेतली जाते ती बहुधा चाड्याचहाड्यांपुरती. मेलेल्या माणसाच्या सामानाविषयी रानात, कोणी तपासावयास येणार नसताना, तिचा अर्थ काय होतो ते येथे दिसते.

तथापि सारेच इतके निर्मळ नव्हते. मृत्यूची वार्ता फुटली तर गावचा मुखिया दंड उकळील, मुडद्याच्या भयाने गाव उठेल, अशा धास्तीने मंडळींनी ती दडविली आणि चितांबोकडे जाऊन वेगळ्याच सबबीवर गावाबाहेर जागा मागितली. दडली नाही. चितांबो स्वतः आला आणि आपल्याला खरे का सांगितले नाही, एवढेच विचारता झाला. दंड दूरच, त्याने रीतीप्रमाणे शोक केला. शाळा, पुस्तक, बाप्तिस्मा यांपैकी काहीएक न पाहिलेल्या त्या मुखियाने शरणपूरच्या शिकलेल्यांना दिलेला हा धडा कोणत्याही प्रवचनात मी ऐकलेला नाही.

मग उघड्यावर कुडाचे आवार घातले गेले. हृदय आणि आतडी काढून पत्र्याच्या डब्यात घालून झाडाखाली पुरली. त्या वेळी अंत्यविधीची प्रार्थना जेकबने वाचली. देह मीठ लावून चौदा दिवस उन्हात वाळविला, झाडाच्या सालीत आणि शिडाच्या कापडात गुंडाळला, काठीला बांधला. जेकबने झाडाच्या बुंध्यावर अक्षरे कोरली. आणि हे काफिल्यातले लोक, ज्यांना परत जाण्यास कोणीही आडवे येणार नव्हते, जे नुसती बातमी घेऊन निम्म्या वेळात किनारा गाठू शकले असते, ते हजार मैलांहून अधिक वाट खांद्यावर प्रेत घेऊन चालले. बातमी घेऊन मूसाही आला होता. ह्या लोकांनी तिचा मुद्देमाल आणावयाचे ठरविले.

वाटेत इंग्रजांची एक तुकडी शोधार्थ येत असल्याचे कळताच जेकबने मृत्यूचे पत्र लिहिले आणि चुमा ते घेऊन पुढे धावला. ऑक्टोबरात उन्यान्येंबे येथे ते लेफ्टनंट कॅमेरन यांच्या हाती पडले. कॅमेरनने सल्ला दिला की देह येथेच पुरावा, पुढील मुलुखात प्रेत नेऊ देणार नाहीत. सल्ला व्यवहार्य होता. त्यांनी तो मानला नाही. आणि पुढे कासेकेरा गावी कॅमेरनचेच म्हणणे खरे ठरले, वाट अडली, तेव्हा ह्या सत्यनिष्ठांनी चक्क एक कंडी उठविली! प्रेत परत उन्यान्येंब्यास पुरावयास पाठवीत आहोत असे जाहीर करून त्यांनी धाटांचे एक लांबट गाठोडे प्रेतासारखे बांधले आणि काही जणांच्या खांद्यावर देऊन माघारी रवाना केले. खरा देह मात्र नव्याने, कापडाच्या गाठीसारखा बांधून व्यापारी मालात मिसळला. माघारी गेलेल्यांनी रात्री रानात ती धाटे विखरून टाकली आणि चोरपावलांनी येऊन मिळाले. ह्या प्रसंगापुढे आल्यावर नीतिशास्त्राचे पंतोजी खाकरतात. शरणपुराच्या उपदेशकांपैकी कोणी त्याची तजवीज कशी लावली असती कोण जाणे. मी एवढेच म्हणेन की मूसाच्या कहाणीने एक माणूस शोधण्याच्या पलीकडे गेला असता, आणि ह्या बनावट गाठोड्याने खरा माणूस किनाऱ्यास पोचला. तरीही ते असत्यच, आणि त्यांनीच ते पुढे जसेच्या तसे सांगितले म्हणून आपल्याला माहीत आहे.

1874 च्या फेब्रुवारीत काफिला बागामोयोस पोचला. तेथे कार्यभार संपला; वाहकांची रवानगी झाली. मिशन सोसायटीने जेकबचा मात्र प्रवासखर्च दिला, म्हणून तो एकटा देहासोबत बोटीने साउदॅम्प्टनला उतरला, आणि विलायती वृत्तपत्रांनी नऊ महिन्यांच्या ह्या सोबत्याला जुना, जन्माचा सेवक करून टाकले. सुसी आणि चुमा अंत्यविधी आटोपल्यावर पोचले. खोट्यांनी पसरविलेली वार्ता खोडून काढणे सोपे. आपल्यावर प्रेम करणाऱ्यांनी केलेली अतिशयोक्ती खोडावयाची तर कोणत्या वकिलातीत जावे?

लंडनमध्ये त्या गाठोड्यावरून माणूस ओळखता येणे शक्य नव्हते. सर विल्यम फर्ग्युसन यांनी डाव्या दंडाचे हाड पाहिले. 1844 मध्ये सिंहाने चावून ते मोडले होते आणि नीट सांधले न जाता तेथे एक खोटा सांधा तयार झाला होता. तो होता तेथे होता. तोतयाला जागा उरली नाही. 18 एप्रिल 1874 रोजी वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये दफन झाले तेव्हा शवपेटीच्या बाजूंस धरणाऱ्या आठ जणांत एकीकडे मूसाचे असत्य उघडे पाडणारा एडवर्ड यंग होता आणि त्याच मंडळीत शरणपूरच्या शाळेतला, बापाचे नाव हरवलेला जेकब वेनराइट.

त्याच सुमारास प्राइससाहेब शरणपूरच्या आफ्रिकनांना घेऊन मोंबासाकडे निघाले. तेथे बार्टल फ्रियर यांच्या नावाने फ्रियरटाऊन ही मुक्त गुलामांची वसाहत 1875 मध्ये उभी राहिली, नाशकात शिकलेले विल्यम जोन्स आणि इश्मायल सेमलर पुढे तेथेच दीक्षित झाले, आणि इकडे शरणपुरातील आफ्रिकी आश्रमाचे दिवस संपले. मॅथ्यू वेलिंग्टन तर मोंबाशात 1935 पर्यंत जिवंत होता. रस्त्याला नाव राहिले. ते ऐकून आज नाशिककरांस गुलामांचे गलबत आठवत नाही, आणि तशी अपेक्षा करणेही अन्यायाचे होईल.

एक तफावत मात्र कायम आहे. ॲबेमधील शिलेवर मृत्यूची तारीख 1 मे आहे. चुमा व सुसी यांच्या आठवणींवरून संपादकांनी ती ठरविली. जेकबने झाडावर कोरली ती 4 मे. कोणाचा दिवस चुकला, हे आता त्या रानात जाऊनही ठरावयाचे नाही. शिलेवर विश्वासू हातांचा गौरवपूर्ण उल्लेख आहे, पण हातांची नावे नाहीत. झाडाच्या बुंध्याचा तो तुकडा पुढे कापून लंडनला नेला. तो रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीच्या संग्रहात आहे. त्यावर लिव्हिंगस्टनचे नाव आहे, तारीख आहे, आणि काफिल्यातील तीन नायकांची नावे आहेत, सुसीचे, मनुआ सेराचे, चौपेरेचे, कानाला लागतील तशा अक्षरांत लिहिलेली. चाकू हाती असलेल्याने स्वतःचे कोरलेले नाही.